सुवलाकी: ग्रीक पद्धतीचं सळईवरचं चिकन, घरच्या शेगडीवर

सुवलाकी करताना सगळ्यात अवघड काम एकच, ते म्हणजे मिसळणाच्या डब्याला हात न लावणं. चिकन पुढ्यात आलं की आपला हात सवयीने हळद, तिखट आणि आलं-लसणाच्या वाटणाकडे जातो. ते घातलंत तरी जे होईल ते छानच लागेल, पण तो टिक्का झाला. ग्रीक सुवलाकीला मीठ, ऑलिव्ह तेल, लिंबू, वाळलेला ओरेगानो, मिरपूड आणि वाटलं तर लसूण एवढंच लागतं. उरलेली चव विस्तवाची. म्हणून या लेखात मसाल्याबद्दल थोडं आणि कापणं, ओवणं, निखारे आणि लिंबू कधी पिळायचं याबद्दल जास्त आहे.

सळईवर मांस भाजायची ही रीत तिथे फार जुनी. सॅन्टोरिनी बेटावर अक्रोतिरी नावाचं कांस्ययुगातलं गाव ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं होतं. तिथल्या उत्खननात जोडीने उभे करायचे आधार सापडले आहेत. वरच्या कडेला सळया टेकवायला खाचा आणि तळाशी निखाऱ्यांना हवा मिळावी म्हणून ओळीने भोकं. साडेतीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची ही वस्तू मुद्दाम सांगतोय, कारण पुढे आपण विटांची तशीच चूल मांडणार आहोत.

आज अथेन्समध्ये मोनास्तिराकी भागात, मित्रोपोलेओस रस्त्यावर सुवलाकीची नावाजलेली दुकानं शेजारी शेजारी आहेत. मूळ पदार्थ डुकराच्या मांसाचा, चिकन मागाहून आलं. गोव्यात किंवा परदेशात पोर्क सहज मिळत असेल तर मानेचा, थोडा चरबीचा भाग घेऊन जरूर करा. ईस्टरआधीच्या मोठ्या उपासापूर्वी ग्रीसमध्ये त्सिकनोपेम्प्ती नावाचा गुरुवार येतो. त्या दिवशी गल्लोगल्ली शेगड्या पेटतात आणि गावभर मांस भाजल्याचा वास सुटतो. आपल्याकडची गटारीच म्हणा ना.

चिकन कोणतं आणणार

दुकानात नुसतं "बोनलेस द्या" म्हटलं की छातीचा भाग मिळतो. तो सुवलाकीला चालतो, पण दोन मिनिटं जास्त झाली की कोरडा पडतो. लेगचं बोनलेस मागा. काही दुकानदार वेगळे पैसे घेतात, काही "हाडं काढायला वेळ लागेल" म्हणतात, तर थांबा. चौघांसाठी ८०० ग्रॅम बोनलेस पुरतं. हाडासकट सव्वा किलो लेग घेतले तर त्यातून साधारण तेवढं किंवा थोडं कमी निघतं. हाडं घरी आणा, सूप होतं.

मांडीला चिकटलेली चरबी सगळी खरवडून काढू नका. जाड गोळे असतील तेवढे काढा. ही चरबी वितळून निखाऱ्यांवर पडते आणि तिचा धूर परत मांसाला लागतो. आपण ज्याला कोळशाची चव म्हणतो ती बरीचशी याच धुराची. चांगल्या पेटलेल्या कोळशाला स्वतःचा वास फारसा नसतो. म्हणूनच गॅसवर भाजलेल्या सुवलाकीला तुपाचा धुंगार देऊ नका. त्याने तुपाचा वास येईल, सुवलाकीचा नाही.

तुकडे अडीच ते तीन सेंटीमीटरचे करा. मांडीचं मांस कुठे जाड, कुठे पातळ असतं. पातळ पट्टी आली तर ती कापून टाकण्याऐवजी थोडी लांब ठेवा, ओवताना दुमडता येते. छातीचा भाग असेल तर तुकडे तीन सेंटीमीटरपेक्षा लहान नकोत. चिकन धुणार असाल तर नंतर स्वच्छ कापडाने किंवा टिश्यूने अगदी कोरडं टिपा. ओलं मांस आधी वाफतं आणि मग भाजतं, त्याला रंग येत नाही.

मुरवण

८०० ग्रॅम चिकनला हे लागेल:

- ऑलिव्ह तेल ४ मोठे चमचे (६० मिली)
- मीठ ८ ग्रॅम, म्हणजे जेमतेम दीड सपाट छोटा चमचा
- वाळलेला ओरेगानो २ छोटे चमचे
- जाडसर मिरपूड अर्धा छोटा चमचा
- लसणाच्या ३ पाकळ्या, नुसत्या ठेचलेल्या
- लिंबाचा रस १ मोठा चमचा, जास्त नाही
- हवी असेल तर सौम्य लाल पाप्रिका १ छोटा चमचा

लिंबाबद्दल थोडं थांबून बोलायला हवं. इंटरनेटवरच्या बऱ्याच कृतींमध्ये एका किलोला दोन-तीन लिंबं पिळून रात्रभर ठेवायला सांगतात. ती भूमध्य सागराकडची मोठी पिवळी लिंबं. आपलं कागदी लिंबू आकाराने लहान, पण धारेला जास्त. आणि आंबटपणाने मांस आतपर्यंत मऊ होतं हा गैरसमज आहे. आम्ल फक्त वरच्या थरावर काम करतं. तासाभरात तुकड्याच्या कडा पांढुरक्या, शिजल्यासारख्या दिसायला लागतात. रात्रभरात तो थर पिठूळ होतो आणि विस्तवावर त्यातलं पाणी आधी निघून जातं. आत जाण्याचं काम मीठ करतं, सावकाश. म्हणून मुरवणात लिंबू नावापुरतं घाला आणि उरलेलं सगळं भाजून झाल्यावर. सुवलाकीची आंबट चव ताज्या लिंबाची असते, ती निखाऱ्यांवर टिकत नाही.

ओरेगानोची गंमत अशी की इथे ताज्यापेक्षा वाळलेला सरस. ग्रीसमध्ये तो डोंगरउतारावर उगवतो, फुलोऱ्यासकट वाळवतात आणि जुड्याच्या जुड्या विकतात. न्यूयॉर्कच्या अस्टोरियात किंवा मेलबर्नच्या ओकलीत राहणाऱ्या मंडळींनी ग्रीक दुकानात जाऊन अशी जुडी आणावी. आपल्याकडे पिझ्झाबरोबर येणारी पुडी मात्र वापरू नका. तिच्यात मीठ, मिरची, लसूण असं बरंच काही मिसळलेलं असतं. बाटलीवर फक्त 'ओरेगानो' लिहिलेलं असेल आणि मागच्या घटकांच्या यादीतही तेवढंच असेल ती घ्या. घालताना तळहातांवर चोळा. वास उठला नाही तर बाटली जुनी झाली. ओव्याची चव जवळची आहे म्हणून बदली घालायचा मोह होईल. ओव्यातल्या थायमॉलचं आणि ओरेगानोतल्या कार्व्हाक्रॉलचं रेणुसूत्र एकच आहे हे खरं, पण चिमूटभर ओव्याने चिकनला भज्यांचा वास येतो.

तमालपत्राचंही तसंच. काही ग्रीक कृतींमध्ये तुकड्यांच्या मधे लॉरेलचं पान ओवतात. आपलं तमालपत्र वेगळ्या झाडाचं, त्याला दालचिनीचा वास असतो. ते वगळा.

तेल, मीठ, मिरपूड, ओरेगानो आणि लिंबू एका पातेल्यात एकत्र करा, चिकन घालून हाताने चोळा, ठेचलेल्या लसणाच्या पाकळ्या अख्ख्याच टाका. लसणाची पेस्ट नको. मांसाला चिकटलेले लसणाचे बारीक कण निखाऱ्यांवर जळतात आणि कडवटपणा देतात. पाकळ्या ओवायच्या आधी वेचून टाकता येतात. झाकण ठेवून फ्रिजमध्ये तीन ते चार तास. घाई असेल तर तासभरही चालतो, मग मीठ किंचित वाढवा. छातीचा भाग असेल तर दोन मोठे चमचे घट्ट दही घालायला हरकत नाही.

त्झात्झिकी: चक्का आपल्याकडे आहेच

त्झात्झिकी म्हणजे सुवलाकीबरोबर खायची, घट्ट दही, काकडी आणि लसणाची ग्रीक चटणी. तिच्यासाठी ग्रीक योगर्ट म्हणून छोट्या महागड्या डब्या मिळतात, त्या घ्यायची गरज नाही. ते पाणी काढलेलं दही, म्हणजे चक्काच. फक्त श्रीखंडाइतका घट्ट नको. एक किलो ताजं, गोडसर दही मलमलच्या कापडात बांधून तीन-चार तास टांगा. उन्हाळा असेल तर फ्रिजमध्येच चाळणीवर ठेवा, नाहीतर आंबट होईल. साधारण निम्मं उरतं. डेअरीतला तयार चक्का आणलात तर आधी चाखा. आंबट असेल तर दोन चमचे साय किंवा ताजं दही मिसळा.

एक मोठी काकडी सालासकट जाड किसणीवर किसा, चिमूटभर मीठ लावून पंधरा मिनिटं ठेवा आणि मग पिळा. मूठभर कीस घेऊन मूठ आवळली की पहिल्यांदा पाण्याची धार लागते, मग थेंब पडतात. थेंबही थांबले आणि मुठीत घट्ट हिरवा गोळा राहिला की झालं. इथे कंटाळा केलात तर अर्ध्या तासात त्झात्झिकीचं ताक होतं.

लसणाच्या एक किंवा दोन पाकळ्या मीठ घालून खलबत्त्यात अगदी गुळगुळीत वाटा. चक्का, काकडी, लसूण, एक छोटा चमचा व्हिनेगर, दोन मोठे चमचे एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्ह तेल आणि चमचाभर बारीक चिरलेला शेपू. हो, शेपूच. घरात शेपूच्या भाजीला नाकं मुरडणारेही हे आवडीने खातात. फ्रिजमध्ये किमान तासभर मुरू द्या. लसूण नंतर चढत जातो, त्यामुळे करताना चव कमी वाटली तरी आणखी घालू नका.

तेलाबद्दल एक सूचना. चिकनच्या मुरवणाला साधं ऑलिव्ह तेल चालतं. त्झात्झिकीत ते कच्चं पोटात जातं, तिथे एक्स्ट्रा व्हर्जिनच हवं. 'पोमेस' लिहिलेली बाटली तळणीला ठीक आहे, इथे तिचा उपयोग नाही.

पिटा

ग्रीक पिटाला आत खिसा नसतो. ती जाडसर, मऊ, तेल लावून भाजलेली असते. ३०० ग्रॅम मैदा, एक छोटा चमचा इन्स्टंट यीस्ट, अर्धा चमचा साखर, पाऊण चमचा मीठ, दोन मोठे चमचे तेल आणि साधारण १८० मिली कोमट पाणी. आठ-दहा मिनिटं मळा, तासभर फुगू द्या, सहा गोळे करा. अर्धा सेंटीमीटर जाडीची लाटा आणि काट्याने सगळीकडे टोचा, म्हणजे फुलक्यासारखी फुगणार नाही. तापलेल्या बिडाच्या तव्यावर दोन्ही बाजूंनी दीड-दोन मिनिटं, मग लगेच फडक्यात गुंडाळून ठेवा. वाढायच्या आधी तेलाचा हात लावून अर्धा मिनिट निखाऱ्यांवर. वेळ नसेल तर बाजारातला साधा नान किंवा पिटा आणा. त्यासाठी सुवलाकीचा बेत रद्द करू नये.

ओवणं

बांबूच्या काड्या अर्धा तास तरी पाण्यात बुडवून ठेवा. भिजवल्या तरी उघडी टोकं जळतातच, फक्त उशिरा. लोखंडी सळया असतील तर चपट्या घ्या. गोल सळईवर उलटताना सळई फिरते आणि मांस आहे तिथेच राहतं.

एका काडीवर पाच-सहा तुकडे. पातळ पट्टी दुमडून दोन ठिकाणी टोचा. तुकडे एकमेकांना टेकलेले असावेत, पण दाबून कोंबलेले नकोत. फार दाबले तर सांध्यात कच्चे राहतात, मोकळे सोडले तर चारही बाजूंनी सुकतात. टोकाला दोन सेंटीमीटर आणि धरायला सहा-सात सेंटीमीटर काडी मोकळी ठेवा. ८०० ग्रॅममध्ये दहा-बारा काड्या होतात.

मधे मधे सिमला मिरची, कांदा, टोमॅटो ओवलेले फोटो आपण पाहतो. दिसायला सुंदर, पण मला पटत नाही. कांदा भाजेपर्यंत चिकन वाळतं आणि टोमॅटोचं पाणी शेजारच्या तुकड्याला रंग येऊ देत नाही. ग्रीसमधल्या दुकानात काडीवर बहुधा नुसतं मांसच असतं. भाज्या हव्या असतील तर त्यांची वेगळी काडी करा.

विस्तव

लाकडी कोळसा घ्या. इस्त्रीवाले जिथून आणतात त्या वखारीत स्वस्त मिळतो. दीड ते दोन किलो पुरतो. दगडी कोळसा नको, रॉकेल तर अजिबात नको, त्याचा वास मांसात उतरतो. पेटवायला नारळाची शेंडी आणि करवंटीचे तुकडे उत्तम. शेगडी गच्चीवर किंवा अंगणातच. बंद खोलीत किंवा काचा लावलेल्या बाल्कनीत कोळसा पेटवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो जीव घेतो.

चूल अशी मांडा: कोरड्या विटांच्या दोन समांतर ओळी, मधे साधारण १६ ते १८ सेंटीमीटरची जागा, म्हणजे काडीची दोन्ही टोकं विटांवर टेकतील आणि मांस मधल्या पोकळीवर राहील. जाळी नकोच. जाळीला मांस चिकटतं, फाटतं. शिवाय काडीची टोकं विटांवर असल्याने जळत नाहीत. निखाऱ्यांपासून मांसापर्यंत आठ ते दहा सेंटीमीटर अंतर राहील एवढी उंची ठेवा. विटा ओल्या असतील तर तापल्यावर तडकू शकतात.

कोळसा पेटल्यापासून तयार व्हायला अर्धा-पाऊण तास लागतो. ज्वाळा दिसताहेत तोवर मांस चढवू नका. ज्वाळा विझल्या, कोळशांवर पांढरट राख धरली आणि आत लाल धग दिसू लागली की वेळ झाली. मांस जिथे असेल त्या उंचीवर तळहात धरा. मनात तीन-चार मोजेपर्यंत हात मागे घ्यावासा वाटला तर विस्तव बरोबर आहे. दहापर्यंत मोजता आलं तर पुठ्ठ्याने वारा घाला. निखारे एका बाजूला दाट, दुसऱ्या बाजूला विरळ पसरा, म्हणजे भडका उडाला तर काड्या सरकवायला जागा राहते.

भाजणं

काड्या ठेवण्याआधी जास्तीचं तेल निथळू द्या. नाहीतर पहिल्याच मिनिटाला भडका उडून वरून काजळी धरते. काड्या एकमेकींच्या शेजारी लावा, आणि पहिली दोन-तीन मिनिटं हात लावू नका. मग पाव वळण द्या. अशा चार बाजू, एकूण दहा ते बारा मिनिटं. मधे एकदा दोनदा ओरेगानोची जुडी किंवा ब्रशने थोडं तेल लावता येईल. त्यासाठी कच्च्या चिकनच्या पातेल्यात उरलेलं मुरवण वापरू नका, ते फेकून द्या.

भडका उडाला तर पाणी शिंपडू नका, राख उडून मांसावर बसते. काड्या विरळ बाजूला घ्या, भडका आपोआप बसतो.

झालं की नाही हे रंगावरून कळत नाही. थर्मामीटर असेल तर सगळ्यात जाड तुकड्याच्या मध्यभागी ७४ अंश सेल्सिअस दाखवायला हवं. नसेल तर मधला तुकडा कापून बघा, आतला रस स्वच्छ हवा आणि मांस कुठेही काचेसारखं गुलाबी नको. मांडीचं मांस याहून दोन मिनिटं जास्त सहन करतं. छातीचं नाही.

काड्या उतरवा, आणि ज्या ताटात कच्चं ठेवलं होतं त्यात नव्हे, स्वच्छ ताटात. आता लिंबू. तीन भाग तेल, एक भाग लिंबाचा रस, चिमूट मीठ आणि ओरेगानो बरणीत घालून दुधट दिसेपर्यंत हलवा. ग्रीक लोक याला लादोलेमोनो म्हणतात. ९० मिली तेल आणि ३० मिली रस एवढ्या काड्यांना पुरतो. चिकन कढत असतानाच वरून ओता. तेल चरचरतं, लिंबाचा वास उठतो आणि जो रस मुरवणात कमी घातला होता त्याची भरपाई इथे होते.

गच्ची नसेल तर

बिडाचा तवा किंवा ग्रिल पॅन धूर निघेपर्यंत तापवा. बांबूच्या काड्या तव्याच्या आत मावतील एवढ्या तोडा. चार-पाच काड्याच एका वेळी. गर्दी झाली की पाणी सुटतं. झाकण ठेवायचं नाही. मोठ्या आचेवर रंग आला की मध्यम करा, एकूण बारा मिनिटांच्या आसपास. ओटीजीत वरचा रॉड लावून २५० अंशांवर आधी तापवा, काड्या रॉडपासून सात-आठ सेंटीमीटर खाली ठेवा, दोनदा उलटा, १४ ते १६ मिनिटं. खाली ट्रे ठेवायला विसरू नका. एअर फ्रायरमध्ये २०० अंशांवर १२ ते १४ मिनिटं. तिन्हींत मला तवा बरा वाटतो, कारण खरपूसपणा त्यातच येतो.

वाढणं

नुसत्या काड्या, लिंबाची फोड आणि पावाचा तुकडा, हा सगळ्यात साधा प्रकार. पिटात गुंडाळायचं असेल तर पिटा तळहातावर घ्या, मधोमध त्झात्झिकीचा पट्टा, त्यावर काडी आडवी. मग पिटा मांसाभोवती मुठीत धरून काडी ओढून काढा, तुकडे आत राहतात. टोमॅटोचे काप, पातळ चिरलेला कांदा आणि आत चार फ्रेंच फ्राइज. फ्राइज आतच, बाजूला नाहीत. तेलकट कागदात खालचं टोक दुमडून गुंडाळा, नाहीतर रस कोपरापर्यंत येतो. ग्रीसमध्ये चिकनच्या पिटाला त्झात्झिकीऐवजी मोहरीचा पिवळा सॉस लावणारी दुकानंही पुष्कळ आहेत. दोन चमचे मेयोनीजमध्ये एक चमचा तयार मोहरीचा सॉस आणि लिंबू घालून तो होतो. मुलांना तो जास्त आवडतो.

सोबत टोमॅटो, काकडी, कांदा, हिरवी सिमला मिरची आणि ऑलिव्हचं सॅलड, वर फेटा चीजची अख्खी वडी. लेट्यूस त्यात नसतो.

भाजलेलं चिकन उरलं तर दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये टाका, उन्हाळ्यात तासाच्या आत. दोन दिवस टिकतं. परत तापवलं की कडक होतं, म्हणून थंडच चिरून सॅलडमध्ये किंवा पोळीच्या गुंडाळीत घाला. पुढच्या वेळेसाठी कच्चं चिकन फ्रीझरमध्ये ठेवायचं असेल तर तेल, मीठ, ओरेगानो लावून ठेवा, लिंबाशिवाय. आदल्या रात्री खालच्या कप्प्यात काढलं की दुसऱ्या दिवशी ओवायला तयार.